मिठाची बॅटरी आणि आम्ही सात बायका

वीज साठवता साठवता आमच्या शेडमध्ये सगळ्यात आधी काय साठलं असेल, तर किस्से! विजेचं कसं, आज भरली की उद्या थोडी गळते. किस्सा गळत नाही. दुपारी डबे उघडले की कुणीतरी तो परत काढतं आणि तो कालच्यापेक्षा थोडा वाढलेला असतो. आता इतके झालेत, की नवीन बाई कामावर आली की तिला हातमोजे नंतर देतात, किस्से आधी ऐकवतात. आणि त्यांतल्या निम्म्यांत फजिती माझी असते, म्हणून मीच ते सांगते. दुसऱ्याने सांगितले तर तो मीठमसाला लावणार!

रोह्याजवळ धाटावच्या कारखान्यांमध्ये अगदी मागच्या अंगाला आमची शेड. आजूबाजूच्या मोठ्या कंपन्या रसायनं बनवतात. आम्ही निघालो होतो मिठाची बॅटरी बनवायला. मोबाइलच्या बॅटरीत लिथियम असतं, ते लांबून आणावं लागतं, महाग पडतं. त्या जागी मिठातलं सोडियम वापरलं तर बॅटरी गरिबाला परवडेल, असं सरांचं म्हणणं. सर म्हणजे शेडचे प्रमुख. इतकं हळू बोलतात की रागावले तरी दुसऱ्या दिवशी कळतं. त्यांच्या हाताखाली पुण्याच्या प्राजक्ता मॅडम, इंजिनीअर. आणि आम्ही सात बायका, रोह्यातल्या आणि आसपासच्या. सातांत मोठा आवाज माझा. मी रंजनाताई.

पैसा लावला होता मुंबईच्या मोठ्या साहेबांनी. त्यांनी मुदत दिली होती तीन वर्षांची. तेवढ्यात एक तरी सेल हजार वेळा चार्ज होऊन, हजार वेळा उतरून, दमात राहिला पाहिजे. आणि तसाच दुसरा बनवता आला पाहिजे. नाहीतर शेडला कुलूप आणि सातजणी घरी. चौथी शिकलेल्या बाईला पन्नाशीत फोटोवालं ओळखपत्र पुन्हा कोण देणार? तेव्हा पुढचं सगळं हसून वाचा, पण ते कुलूप तीन वर्षं आमच्या डोक्यावर लटकत होतं, एवढं ध्यानात असू द्या.

*

माझं माहेर पेणच्या खाडीकडेचं. बाप मिठागरावर राबला, आता भाऊ राबतो. बॅटरी मिठाची म्हटल्यावर मला वाटलं, आता रंजनाशिवाय यांचं पान हलत नाही! कामाला लागल्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी माहेरी गेले आणि भावाला म्हटलं, "कंपनीसाठी हाय, बेस बघून दे." त्याने वीस किलोची गोण भरून दिली. वडखळच्या नाक्यावर कंडक्टर गोणीचं तिकीट मागायला लागला. त्याच्याशी भांडले, तिकीट काढलं नाही, गोण मांडीवर घेऊन रोह्याला आले.

सर सभ्य माणूस. गोण बघून म्हणाले, "अरे वा!" आपलं सोडियम शुद्ध केलेलं, सीलबंद डब्यातून येतं, हे त्यांच्या तोंडातून निघेना. मी गोण टेबलामागे भिंतीला टेकवून ठेवली आणि विसरून गेले.

आषाढ लागला. टेबलाखाली पाणी दिसायला लागलं. आता बॅटरीच्या कामात पाणी म्हणजे वैरी. सेलमध्ये नुसती दमट हवा शिरली तरी सेल गेला. लगेच पत्रेवाल्याला बोलावलं. तो वर चढला, सांधे बुजवले, उतरला. पाणी तसंच. परत चढला, डांबर फासलं. पाणी तसंच!

तिसऱ्या दिवशी मी त्याला सगळ्या शेडसमोर उभा-आडवा धुतला. "मजुरी मोजून घेतोस नि भोकं तशीच ठेवतोस? शेड बुडवायला आलास काय रे?"

तो उकिडवा बसला, त्या पाण्यात बोट बुडवलं, जिभेवर टेकवलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, रोह्याला पाऊस खारट कधीपासून पडाय लागला?"

गोण मीच उचलून बाहेर नेली. हलकी झाली होती!

*

बॅटरीला दोन बाजू असतात. आमच्या बॅटरीत एका बाजूला सोडियमची निळी पूड, दुसऱ्या बाजूला काळा कार्बन. तो कार्बन सर करवंट्यांपासून बनवायचे. करवंट्या बंद भट्टीत, हवा लागू न देता, कडक भाजायच्या. करवंट्या जमवून, खरवडून, साफ करून द्यायचं काम माझ्याकडे.

पहिला कार्बन निघाला त्या दिवशी मी घरी गेले ती छाती पुढे काढूनच. सासू ओटीवर भाजी निवडत होती. तिला म्हटलं, "आत्या, आज आम्ही कार्बन बनवला."

"तो काय असतो?"

मी सगळं सांगितलं. भट्टी कशी, ताप किती, हवा कशी काढून घेतात, सर किती शिकलेत.

तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजे कोळसा गो! तो मी चाळीस वर्षं चुलीत केला. मला नाय कुणी गळ्यात फोटो अडकवला!"

*

निळी पूड घोटून तिचा लगदा करायचा आणि अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर त्याचा थर द्यायचा. थर कसा? कागदाहून बारीक आणि सगळीकडे सारखा. मशीन होतं, पण ते रेघा मारायचं. एक दिवस कमल पुढे झाली. कमलचं माहेर हमरापूरचं, गणपतीच्या मूर्ती रंगवण्यात हात घडलेला. तिने डबा उघडून बघितलं आणि ओरडलीच, "अगो, हा तर आमच्या बाळकृष्णाचा रंग!"

पट्टी हातात घेतली आणि एका दमात असा थर ओढला, की प्राजक्ता मॅडम मोजमापाचं यंत्र लावून चार वेळा बघत राहिल्या. मशीन त्या दिवसापासून फडक्याखाली झाकलेलं आहे.

आता चूक कुठे झाली, तर माझ्यात. मला वाटलं, थर चांगला आहे, पण मळकट दिसतो. सरांना दाखवायचा आहे. मी कमलला म्हटलं, "जरा चमक दे गो." तिला तेवढंच हवं होतं! मूर्तीच्या पितांबराला देतात ती चमक तिने घरून आणली आणि आठच्या आठ पत्र्यांवर हलक्या हाताने मारली. काय दिसत होते पत्रे! दुकानात ठेवले असते तर दाराला लावायला लोकांनी नेले असते.

त्यांचे सेल बनले. चार्जला लावले. स्क्रीनवर सरळ आडवी रेघ. दवाखान्यात माणूस गेल्यावर येते तशी.

सर पत्रा उजेडात धरून बराच वेळ बघत बसले. म्हणाले, "इतकं सुंदर कोटिंग मी आयुष्यात पाहिलं नाही. पण यात जीव नाही."

कमल हात पुसत म्हणाली, "सर, जीव भटजी घालतात. आम्ही फक्त रंगवून देतो!"

*

नाण्याएवढे सेल जमायला लागल्यावर सरांनी मोठे सेल करायला घेतले. चपटे, पाकिटासारखे. चांदीच्या रंगाची पिशवी, चारी बाजूंनी सील केलेली. पहिले बारा सेल टेबलावर ठेवले आणि सर कामासाठी पेणला गेले. लक्ष ठेवायला सांगून गेले मला.

दुपारपर्यंत त्यातला एक हळूहळू फुगायला लागला. मग दुसरा. मग चार-पाच. टम्म!

आता तुम्ही सांगा, जन्मभर तव्यापुढे उभी राहिलेली बाई. भाकरी फुगली की बाईच्या जिवाला बरं वाटतं. मी सगळ्यांना हाका मारल्या. "या गो या, फुगले! पाच फुगले!" आम्ही सातजणी टेबलाभोवती उभ्या राहून कौतुक करतोय. जे चपटेच राहिले, त्यांची मला कीव आली. मी ते बाजूला सारले. त्यांच्यावर 'बिघडलेले' अशी चिठ्ठीसुद्धा लावली! फुगलेले पाच ताटात मांडले, सर आले की दाखवायला.

प्राजक्ता मॅडम जेवून आल्या आणि दारातूनच किंचाळल्या, "मागे व्हा! सगळ्या मागे व्हा!" आत ओल राहिली की गॅस धरतो आणि सेल फुगतो. फुगलेला सेल फुटूही शकतो. मॅडमनी चेहऱ्यावर काच चढवली, लांब चिमट्याने एकेक सेल वाळूच्या पेटीत ठेवला. 

संध्याकाळी सर आले. फुगलेले पाच गेले होते. चांगले सात जिवंत होते, पण त्यांच्यावर माझी चिठ्ठी. सरांनी चिठ्ठी वाचली, घडी घातली आणि खिशात ठेवली. मला म्हणाले, "रंजनाताई, उद्यापासून तुम्ही ज्याला नापास कराल, तो मी पास धरतो."

*

त्या प्रकारानंतर कोरडी खोली आली. काचेची. आतली हवा यंत्राने सुकवलेली. आपल्याकडच्या हवेत पापड वाळत नाही, तिथे ही खोली म्हणजे वाळवंटच. आत जायचे नियम कडक. केस ओले नकोत, गजरा नको, पदर नको, एका वेळी दोनच माणसं. माणूस श्वास सोडतो त्यातही ओल असते, म्हणून कामापुरतंच बोलायचं. आत किती ओल आहे ते दाखवायला भिंतीवर मीटर. त्याचा आलेख दर आठवड्याला सरांकडे जायचा.

एका सोमवारी सर आलेख घेऊन बाहेर आले. सपाट रेघ, आणि मध्ये मध्ये डोंगर. सर म्हणाले, "मशीन बिघडलंय का? हे डोंगर कसले?"

प्राजक्ता मॅडम खाली बघायला लागल्या. सर म्हणाले, "बोला ना."

मॅडमनी हळूच वही पुढे केली. त्यात त्यांनी प्रत्येक डोंगरापुढे तारीख आणि कारण लिहून ठेवलं होतं. पहिल्या डोंगरापुढे: 'रंजनाताई कमलला बोलल्या.' दुसऱ्यापुढे: 'रंजनाताई कॉन्ट्रॅक्टरला फोनवर बोलल्या.' तिसरा सगळ्यात उंच. त्याच्यापुढे: 'रंजनाताई मला बोलल्या.'

मी भडकले. मॅडम काचेत कामाला गेल्या तशी मागोमाग आत शिरले, वही आपटली आणि त्यांना विचारलं, "मी काय एवढी बोलते?"

कमल बाहेरून मीटरकडे बोट दाखवत होती. चौथा डोंगर चढायला लागला होता!

*

हा छोटासा. आळीत मी बॅटरीवाली म्हणून माहीत झाले. लोक बंद पडलेले मोबाइल, टॉर्च, रिमोट, काय काय आणून द्यायचे. एका आजोबांनी कानाचं यंत्र दिलं. मला त्यातलं ओ की ठो येत नव्हतं, पण नाही म्हणायची लाज! एक पिशवी भरली होती घरात.

एका संध्याकाळी दिवे गेले. पाहुणे आलेले. मी त्यांना सांगतेय, "काळजी नको, आपल्याकडे इन्व्हर्टर आहे." इन्व्हर्टर एकदा टूं करून बंद. त्याच्या बॅटरीत वर्षभर पाणीच घातलं नव्हतं! जगातल्या सगळ्या बॅटऱ्यांपासून पाणी लांब ठेवायची सवय लागलेली, त्यात घरच्या या जुन्या बॅटरीला पाणी लागतं हे डोक्यातून गेलंच.

शेजारीण दारात आली. म्हणाली, "बॅटरीवाल्या बाई, मेणबत्ती हाय आमच्याकडं. देऊ?"

*

आणि हा शेवटचा.

तिसरं वर्ष. सेल काही टिकेना. अडीचशे-तीनशे वेळा चार्ज झाले की धापा टाकायला लागत. फक्त सत्तावीस नंबरच्या बॅचमधला एक सेल थांबायलाच तयार नव्हता. पाचशे झाले, सातशे झाले, तरी त्याची रेघ खाली उतरेना. आम्ही येता-जाता स्क्रीनपुढे हात जोडायचो. नऊशेच्या पुढे गेल्यावर कमलने पेढे आणले.

पण सरांच्या चेहऱ्यावर हसू नाही. कारण तसा दुसरा बनेना. सत्तावीस नंबरच्या रजिस्टरात जसं लिहिलं होतं तसंच्या तसं त्यांनी दोनदा केलं. तीच पूड, तोच कमलचा हात, निळे पत्रे ओव्हनमध्ये बारा तास सुकवले, सगळं तेच. दोन्ही बॅच तीनशेला आडव्या.

सरांनी मला विचारलं, "रंजनाताई, त्या बॅचला काही वेगळं झालं होतं का?"

मी म्हटलं, "रजिस्टरात लिहिलंय ना? मग तसंच झालं!"

आवाज चढवून म्हटलं. कारण रजिस्टर मी भरत होते. एक सही राहिली तर मी बायकांना रडवायची.

मुदत संपली. मुंबईहून तीन साहेब आले. मोठे साहेब पिकल्या केसांचे, सगळं इंग्रजीत, चहालासुद्धा नको म्हणाले. त्यांनी हजार पार केलेला तो सेल बघितला, रेघ बघितली, मान हलवली. मग सरांशी जे बोलले ते प्राजक्ता मॅडमनी आम्हाला हळूच मराठीत सांगितलं, "ते म्हणतायत, एक सेल नशिबानेही चालतो. दुसरा बनवता येत नसेल तर तो शोध नव्हे. महिनाअखेरीला शेड बंद."

 कमल हातातला मोजा पिळत उभी. सातजणींपैकी कुणी कुणाकडे बघेना.

 मी पुढे झाले.

"साहेब, त्या रजिस्टरातली एक सही खोटी हाय. ती माझी हाय."

सरांनी पहिल्यांदा मोठ्या आवाजात विचारलं, "काय?"

मग मी सगळं ओकले. गणपतीची सुट्टी लागायची होती. पत्रे ओव्हनमध्ये. संध्याकाळी काढायचे होते. आमची बस बाहेर हॉर्न देत होती, घरी मखर अर्धवट, नैवेद्याचं सामान आणायचं बाकी. मी आधी सही ठोकून टाकली, 'पत्रे काढले', आणि म्हटलं, आता काढते. कमलने हाक मारली, "गाडी सुटली गो!" आणि मी पळाले. ओव्हन डोक्यातून गेला, तसाच चालू. सुट्टीनंतर सगळ्यांच्या आधी येऊन उघडला. पत्रे दिसायला जसेच्या तसे. गुपचूप डब्यात ठेवले. जास्त सुकवून कुठे चांगलं होतं, असं वाटलं. मग नोकरी जाईल असं वाटलं. आणि मग सांगायची वेळ निघून गेली.

 प्राजक्ता मॅडम ताडकन उठल्या. "सर, आतलं पाणी! निळ्या पुडीच्या कणाकणात पाणी अडकलेलं असतं. बारा तासांत ते निघतच नव्हतं!" आणि त्या वहीवर भराभर काहीतरी मांडायला लागल्या.

मोठ्या साहेबांनी सरांना काही विचारलं.   सरांनी माझ्याकडे बोट केलं. साहेब माझ्याकडे वळले आणि हिंदीत म्हणाले, "कितने दिन?"

"पाच."

"पाँच ही क्यों? चार क्यों नहीं? सात क्यों नहीं?"

आता याला शास्त्रातलं उत्तर मी कुठून आणू? जे होतं ते सांगितलं. "पाचव्या दिवशी गौरी-गणपती गेले, साहेब. सहाव्या दिवशी आमची बस चालू झाली."

साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं. खरंच लिहिलं, मी बघितलं! मग वही मिटली, चष्मा काढला, आणि साहेब स्वच्छ मराठीत बोलले.

"सहा महिने देतो. पण दर बॅचला पाच दिवस ओव्हन अडवणं परवडायचं नाही. आमच्या घरी दीड दिवसाचा असतो. तेवढ्यात होतंय का बघा."

मी म्हटलं, "बघते साहेब. पण ओव्हन विसरायची सवय मला पाच दिवसांची हाय!"